फाल्गुन-चैत्रात कोल्हापूरच्या आसपास पक्षी आणि झाडं बघायची आहेत? एका सावरीपासून सुरुवात करा

दरवर्षी होळी जवळ आली की ओळखीतले तीन-चार जण तरी विचारतात, आम्हाला पण पक्षी बघायचेत, दाजीपूरच्या जंगलात कधी जाऊया. मी सगळ्यांना एकच सांगते, दाजीपूर राहू दे, आधी घराजवळ एक काटेसावरीचं झाड शोधा. समोरच्याला वाटतं मी टाळतेय. टाळत नाही हो, खरंच तिथूनच सुरुवात होते, आणि का ते इथं नीट लिहून ठेवते कारण प्रत्येकाला फोनवर सांगून होत नाही.

मी पहिल्यांदा गेले ती थेट दाजीपूरला. नवी दुर्बीण, आठ जणांचा ग्रुप, पोचेपर्यंत साडेनऊ वाजलेले, सगळे बोलत बोलत चाललेले, झाडं सगळी सारखीच हिरवी दिसत होती आणि वरून कुठूनतरी आवाज यायचे पण दिसायचं काहीच नाही. दिवसभरात वहीत लिहिलं काय तर कावळा, बुलबुल आणि एक "हिरवा काहीतरी". फार वाईट वाटलं होतं तेव्हा. मग पंधरा दिवसांनी घरामागच्या रिकाम्या प्लॉटमध्ये एक सावर आहे तिच्यासमोर सकाळी चहा घेऊन बसले, तासाभरात अकरा जातीचे पक्षी आले. झाड तेच, मी रोज तिथून जात होते, फक्त कधी थांबले नव्हते. पक्ष्यांच्या मागं पळायचं नाही, झाड धरून बसायचं, हे मला त्या दिवशी कळलं आणि पुढं जे काही सांगणार आहे ते सगळं त्याच्यावरच उभं आहे.

कधी जायचं

पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखात येतो पण आपल्याकडं पक्ष्यांसाठी खरा सिझन महाशिवरात्रीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत धरा. म्हणजे फेब्रुवारीचा मध्य ते एप्रिलअखेर. का, तर यावेळी बरीच झाडं पानं टाकून मोकळी झालेली असतात, त्यामुळं पक्षी लपत नाही. फुलं उघड्या फांदीवर येतात त्यामुळं पक्षी स्वतःहून समोर येतो. नर गायला लागतात, रंगात येतात. आणि थंडीत उत्तरेकडून आलेले पाहुणे, धोबी म्हणा, भोरड्या म्हणा, हे अजून गेलेले नसतात, त्यांची परतीची तयारी चाललेली असते. इथले आणि पाहुणे दोन्ही एकाच वेळी दिसतील असे हे थोडेच आठवडे असतात.

वेळ सकाळचीच. मार्चच्या मध्यात कोल्हापुरात साधारण पावणेसातला सूर्य उगवतो, एप्रिलच्या मध्यात सव्वासहाच्या पुढं-मागं, त्याच्या आधी दहा मिनिटं तुम्ही झाडाजवळ पाहिजे. पहिले दोन तास सोन्यासारखे. दहानंतर उन्हं चढली की पक्षी पण सावलीला जाऊन बसतात, मग नुसतं भटकण्यात अर्थ नाही, त्या वेळात झाडं बघा, झाडं कुठं पळत नाहीत. संध्याकाळी पाचनंतर पुन्हा थोडी हालचाल असते.

काय घ्यायचं

पहिला महिना काही विकत घेऊ नका. वही, पेन्सिल, पाणी, टोपी, फुल पँट, बूट, बस्स. कपडे मातकट किंवा मळकट हिरवे घाला, पांढरा आणि भडक रंग नको. अत्तर-बॉडीस्प्रे मारून जाऊ नका, मधमाश्यांची मोहोळं असतात झाडांवर.

महिनाभर टिकलात तर दुर्बीण घ्या. दुकानात ८x४२ किंवा १०x४२ असं लिहिलेलं असतं, त्यातला पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट जवळ दिसते आणि दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. नवीन माणसानं ८x४२ च घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे, १० पटीत हात जरा हलला तरी चित्र थरथरतं आणि दिसणारा भाग पण कमी असतो, त्यामुळं पक्षी सापडेपर्यंत उडून जातो. आणि वापरायची एक सवय पहिल्यापासून लावून घ्या. पक्षी नुसत्या डोळ्यांनी बघा, नजर त्याच्यावरून हलवू नका, आणि तशीच दुर्बीण उचलून डोळ्यांपुढं आणा. बरेच जण खाली बघून दुर्बीण नीट करतात आणि मग वर झाडभर शोधत बसतात.

सावरीखालचा पहिला आठवडा

काटेसावर ओळखायला अवघड नाही. सरळ उभं खोड, त्यावर शंकूसारखे जाड काटे, फांद्या आडव्या पसरलेल्या, आणि या दिवसांत अंगावर पान नाही, नुसती तळहाताएवढी लाल मांसल फुलं, पाच पाकळ्यांची. पन्हाळ्याच्या रस्त्याला, गगनबावड्याकडं जाताना, शेताच्या बांधावर, ओढ्याकडेला सापडेल. एकदा झाड ठरवलं की आठवडाभर रोज तिथंच जायचं, रोज नवीन जागा शोधायची नाही.

बसायचं कुठं तर झाडापासून पंधरा-वीस मीटर लांब आणि सूर्य तुमच्या पाठीशी. म्हणजे सकाळी झाडाच्या पूर्वेला बसायचं आणि तोंड पश्चिमेला. उलट्या बाजूला बसलात तर सगळे पक्षी काळेच दिसणार. आणि गेल्या गेल्या काही दिसलं नाही म्हणून उठू नका, पहिली दहा मिनिटं ते तुमच्याकडं बघत असतात, त्यानंतर विसरतात आणि आपल्या कामाला लागतात.

मग बघा कोण कोण येतंय. साळुंक्या तर घोळक्यानं येतात आणि अख्खं डोकं फुलात घालतात, वर निघतात तेव्हा कपाळावर पिवळसर परागकण लागलेले दिसतात, तेच घेऊन पुढच्या फुलावर, हेच ते परागीभवन जे शाळेत पाठ केलं होतं. कावळे येतात. लालबुड्या बुलबुल, आणि डोक्यावर टोकदार तुरा असलेला शिपाई बुलबुल. कोतवाल येतो, काळा कुळकुळीत, शेपटीला खाच, तो रस पण पितो आणि फुलावर जमलेले किडे पण पकडतो आणि मधूनच दुसऱ्यांना हाकलतो, सावरीवरची निम्मी भांडणं त्याचीच असतात. टकाचोर, लांब शेपटीचा तांबूस. कोकिळा. आणि शिंजीर म्हणजे सूर्यपक्षी, अंगठ्याएवढा, बाकदार चोच, नर उन्हात जांभळा-निळा असा चमकतो की बघत राहावं. हा जांभळा रंग त्याला वर्षभर नसतो बरं का, विणीच्या दिवसांत येतो आणि नंतर तो मादीसारखा फिकट होतो, गळ्याखालून पोटापर्यंत नुसता एक काळपट पट्टा उरतो. म्हणून पण हेच दिवस महत्त्वाचे.

नशीब असेल तर भोरड्यांचा थवा उतरेल. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख. यांना पळसमैना पण म्हणतात कारण पळस-सावर-पांगाऱ्याच्या फुलांवर तुटून पडतात. एप्रिल सरता सरता हे मध्य आशियाकडं निघून जातात, तिकडंच त्यांची वीण. गेल्या वर्षी आमच्या प्लॉटमधल्या सावरीवर एका सकाळी साठ-सत्तर तरी होत्या, आवाज एवढा की शेजारच्या काकू काय झालं म्हणून बाहेर आल्या, आणि मग त्या पण अर्धा तास माझ्याबरोबर उभ्या.

खाली पण बघा. पडलेली फुलं खारी कुरतडतात, जंगलात असाल तर भेकर येऊन खातं.

वहीत लिहायचं कसं, हे फार जण विचारतात. नाव लिहायची घाई करू नका. आधी आकार, आणि तो ओळखीच्या पक्ष्याच्या मापात, चिमणीएवढा, बुलबुलाएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा, घारीएवढा. ही पाच मापं डोक्यात बसली की निम्मं काम झालं. मग चोच, जाड का बारीक, सरळ का बाकदार. मग शेपटी. मग झाडावर कुठं होता, शेंड्याला, मधे का खोडाला चिकटून, आणि काय करत होता. रंग सगळ्यात शेवटी, कारण रंग उन्हानं फसवतो. सुतार पक्षी आणि तांबट दोन्ही खोडावर दिसतात पण सुतार शेपटीचा टेकू देऊन उभा सरळ चढतो, हे एकदा लिहिलं की परत चुकत नाही. वेडंवाकडं का होईना चित्र काढा.

कानानं बघायचं

या दिवसांत डोळ्यांच्या आधी कान कामाला येतो. एका आठवड्याला एकच आवाज पक्का करा, जास्त नको.

पहिला तांबट. टुक टुक टुक टुक, एकाच लयीत, तांब्याच्या भांड्यावर लहान हातोडी मारल्यासारखा, म्हणूनच नाव तांबट. भर दुपारी पण चालू असतो. आवाजाच्या दिशेनं झाडाच्या अगदी शेंड्याकडच्या वाळक्या फांदीवर बघा, चिमणीपेक्षा थोडा मोठा, हिरवा, कपाळ आणि छाती लाल, गळा पिवळा. बोलताना गळा फुगतो आणि डोकं इकडून तिकडं फिरवतो त्यामुळं आवाज कधी डावीकडून कधी उजवीकडून आल्यासारखा वाटतो, गोंधळून जाऊ नका.

दुसरा त्याचाच मोठा भाऊ, कुटुर्गा, कुटुर्र कुटुर्र करून सगळं रान डोक्यावर घेतो. एक सुरू झाला की लांबून दुसरा उत्तर देतो. पन्हाळ्यावर आणि आंबा घाटाकडं हा आवाज सकाळपासून असतो. हिरवं अंग, तपकिरी डोकं, गालावर पांढरं, आणि पानांत बसला की समोर असून दिसत नाही.

तिसरा कोकीळ. कुहू कुहू गाणारा हा नर, काळा, लाल डोळा. मादी ठिपक्यांची तपकिरी आणि ती गात नाही, किक्-किक्-किक् असं घाईघाईनं ओरडते. अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते हे सगळ्यांना माहीत असतं पण ते प्रत्यक्ष बघायचं असेल तर एप्रिल-मेमध्ये कावळ्याचं घरटं असलेलं झाड धरा, नर समोर ओरडून कावळ्यांना अंगावर घेतो आणि मादी मागून सरकते.

दयाळ तर तुमच्या कॉलनीत पण असेल. काळा-पांढरा, शेपटी वर उचललेली, पहाटे टीव्हीच्या अँटेनावर किंवा टाकीच्या कडेला बसून जे गातो ते ऐकण्यासाठी लवकर उठावं असं आहे. हिवाळ्यात हाच पक्षी जवळजवळ गप्प असतो.

मर्लिन नावाचं फुकट अ‍ॅप आहे, कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं, आवाज ऐकवला की नाव सुचवतं. वापरा, चांगलंच आहे, पण ते सुचवतंय एवढंच लक्षात ठेवा. पक्षी डोळ्यानं बघितल्याशिवाय यादीत घालू नका. आणि एक हात जोडून विनंती, फोनवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलवू नका. विणीच्या दिवसांत नराला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा शिरला, तो सगळं सोडून भांडायला येतो, तेवढा वेळ घरटं उघडं पडतं. फोटो मिळतो तुम्हाला पण त्याची किंमत तो भरतो.

आता झाडांकडं

पळस, पांगारा आणि सावर यात नवीन माणूस हमखास गोंधळतो कारण तिन्ही लाल-केशरी आणि तिन्ही बिनपानाची. सोपी खूण सांगते. पळसाला काटे नसतात, खोड वेडंवाकडं, फूल पोपटाच्या चोचीसारखं केशरी आणि देठाकडची कळी मखमली काळपट. पांगाऱ्याला काटे असतात, फुलं लालभडक आणि फांदीच्या टोकाला तुऱ्यात एकत्र. पान दोघांचं तीन-तीनचं, पळसाला पानं तीनच म्हणतात तसं पांगाऱ्याला पण तीनच. सावरीचं पान आलं की ते पंजासारखं, पाच ते सात. रंगपंचमीला पळसाची फुलं रात्रभर भिजवून रंग करायची पद्धत आहे, आपल्याकडं रंगपंचमीच जोरात असते त्यामुळं मुलांना घेऊन एकदा करून बघा, फक्त खाली पडलेली फुलं गोळा करा, झाडावरची तोडू नका, झाडावर शिंजीर जेवत असतो.

मार्चमध्ये घाटाकडं जाताना एखादं झाड अख्खं लाल दिसलं आणि जवळ गेल्यावर फूलच नाही, तर ते कुसुम. ती लाल असते कोवळी पालवी, काही दिवसांत हिरवी होते. पिंपळाची नवीन पानं पण या दिवसांत अशीच तांबूस आणि एवढी तकतकीत की उन्हात हलताना पाणी चमकल्यासारखं वाटतं.

करवंदाच्या जाळ्या फुललेल्या असतात, पांढऱ्या चांदण्या, जाईसारखा वास. धायटी, कमरेएवढं झुडूप, लाल नळीसारखी फुलं फांदीभर चिकटलेली, जिथं धायटी तिथं शिंजीर हे समीकरण पक्कं. कुंभा रात्री फुलतो, मोठं फूल, पांढऱ्या-गुलाबी केसरांचा झुपका, सकाळी झाडाखाली सडा पडलेला असतो, तेव्हाच बघायचा. अंजनी मला सगळ्यात आवडते, घाटमाथ्याच्या रानात हे लहानसं झाड, आणि फुलतं तेव्हा पानांच्या खाली फांदीलाच निळ्या-जांभळ्या मण्यांचे गुच्छ लगडतात. लांबून कळत नाही, वाकून बघावं लागतं.

एप्रिलमध्ये बहावा पिवळा लोंबतो आणि तामण जांभळी फुलते, तामण म्हणजे आपलं राज्यफूल. त्याच वेळी शहरात गुलमोहर, नीलमोहर, गिरिपुष्प पण फुलतात. ही तिन्ही बाहेरून आलेली, गुलमोहर मादागास्करचा, बाकीची दोन अमेरिका खंडातली. दिसायला सुंदर आहेत, पण तुम्ही अर्धा तास गुलमोहराखाली आणि अर्धा तास सावरीखाली बसा आणि दोन्हीकडचे पक्षी मोजा. सांगायची गरज राहणार नाही.

फुलं संपली की दुसरं झाड धरायचं ते वड किंवा उंबर. उंबराचं फूल दिसत नाही म्हणतात ते खरं आहे कारण फुलं फळाच्या आत असतात. एक बारीक वरट, म्हणजे गांधीलमाशीच्या जातीची माशी, बुडाच्या भोकातून आत शिरते, आतच परागीभवन होतं, तिची अंडी पण तिथंच. उंबराची माशी वेगळी, वडाची वेगळी. आणि फळ पिकलं की त्या झाडावर जत्रा. कोकीळ, तांबट, कुटुर्गा, बुलबुल, हळद्या, आणि हरियल, म्हणजे पिवळ्या पायांचं हिरवं कबूतर, आपला राज्यपक्षी. हरियल शोधायची युक्ती म्हणजे वडाच्या शेंड्याला सकाळचं पहिलं ऊन पडतं तेव्हा बघायचं, थवा ऊन खात बसलेला असतो. एकदा पानांत शिरले की दिसणं मुश्कील.

पुढं कुठं जायचं

सावर आणि उंबर झाले, पंधरा-वीस पक्षी ओळखीचे झाले की मग जागा बदला. पहिली पसंती शिवाजी विद्यापीठाचा परिसर. झाडं भरपूर, माळ आहे, तळी आहेत, आणि मोर एवढे की सकाळी हमखास दिसतो. एप्रिलकडं मोराचा पिसारा पूर्ण भरलेला असतो. केएमटीनं, म्हणजे शहर बसनं, जाता येतं. रंकाळ्याच्या काठाची झाडं पण वाईट नाहीत, तिथं झाडावरचे आणि पाण्यातले दोन्ही होतात, पण फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते त्यामुळं फार लवकर जा.

मग पन्हाळा. शहरापासून वीसेक किलोमीटर, सीबीएसवरून, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावरून, एसटी आहे, पण पहिल्या उजेडाला पोचायचं तर गाडीच काढावी लागते. तबक उद्यानाकडची झाडी आणि पलीकडं पावनगडाकडचं रान, दोन्हीकडं सावकाश चाला. स्वर्गीय नर्तक इथं बघितलाय मी, पांढरा नर, दोन लांब फिती मागं तरंगतात, काही सेकंदच दिसला पण अजून डोळ्यापुढं आहे. फक्त चैत्र पौर्णिमेच्या आसपास त्या बाजूला जाऊ नका, जोतिबाची यात्रा असते, लाखांनी माणूस येतो, रस्ते बंद असतात. यात्रेला जायचं तर यात्रेलाच जा, दुर्बीण घरी ठेवून.

आणि देवराया. याबद्दल कमी बोललं जातं. शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या बाजूला गावागावाच्या देवाच्या नावानं राखलेलं रान असतं, कुऱ्हाड लावत नाहीत, त्यामुळं एकराभरात पण जुनी झाडं, वेली, पोकळ खोडं सगळं शिल्लक. माझ्या आत्तींच्या गावची राई अशी आहे की बाहेर ऊन भाजत असताना आत गार वाटतं. जाताना गावात विचारून जा, चप्पल कुठं काढायची ते विचारा, काही ठिकाणी बायकांना आत जाऊ देत नाहीत आणि मला ते पटत नाही, पण मी बाहेरच्या कडेला बसते आणि तिथूनही भरपूर दिसतं. पान-फूल-काटकी काही आणायचं नाही. गावातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोला, कुठल्या झाडाला काय म्हणतात, कुठला पक्षी कधी बोलतो, हे त्यांच्याइतकं कुठल्याच अ‍ॅपला माहीत नाही.

मोठं जंगल

आता दाजीपूर. राधानगरी अभयारण्य साडेतीनशे चौरस किलोमीटरचं, १९५८ साली गव्यांसाठी राखीव झालेलं, आणि २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत. राजर्षी शाहूंनी भोगावतीवर बांधायला घेतलेल्या धरणाचं पाणी आणि भोवती हे रान. कोल्हापूरपासून राधानगरी पन्नासेक किलोमीटर, दाजीपूर ऐंशीच्या आसपास, त्यामुळं आदल्या दिवशी मुक्कामाला जा, नाहीतर माझ्यासारखं साडेनऊला पोचाल. वनखात्याच्या नाक्यावर नोंद आणि फी, वाहन आणि स्थानिक वाटाड्या घ्या. वाटाड्या घ्याच, पैसे वाचवू नका, त्याचं पोट या रानावर आहे आणि त्याचा कान तुमच्यापेक्षा वीस वर्षं पुढं असतो. पावसाळ्यात बंद असतं.

इथं पण तेच, फिरत सुटायचं नाही. फळलेलं वड-उंबर-नांद्रूक कुठं आहे ते विचारायचं आणि लांब बसायचं. मोठ्या चोचीचा धनेश तिथंच येणार. मलबारी राखी धनेश फक्त पश्चिम घाटात सापडतो, त्याचा आवाज कुणीतरी खदाखदा हसल्यासारखा असतो. महाधनेश दिसला तर आधी पंखांचा आवाज येतो, झूप झूप, मग ती पिवळी मोठी चोच. या दिवसांत त्यांची वीण असते, मादी झाडाच्या ढोलीत जाऊन दार आतून लिंपून घेते, एवढीशी फट ठेवते, आणि नर कित्येक आठवडे तिला आणि पिल्लांना त्या फटीतून फळं भरवतो. म्हणजे नर घाबरून एक दिवस आला नाही तर आत सगळे उपाशी. म्हणून धनेशाचं घरटं कुणी दाखवतो म्हणालं तर नको म्हणा. झाडावर फळं खाताना दिसला तेवढं पुष्कळ आहे.

शेकरू दिसेल, आपला राज्यप्राणी, तांबूस मोठी खार, फांदीवरून फांदीवर उडी. भृंगराज, शेपटीला दोन तारा आणि टोकाला पिसं, दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करतो त्यामुळं आवाजावरून नाव ठोकायची घाई इथं अजिबात नको.

गव्याबद्दल गंभीरपणे. दिसला की थांबा, हळू मागं सरका, त्याला जायला वाट मोकळी ठेवा. एकटा नर असेल किंवा कळपात वासरं असतील तर जास्त लांब. दगड मारणं, ओरडणं, सेल्फीसाठी जवळ जाणं, हे करणाऱ्यांबरोबर जंगलात जाऊ नका, मी जात नाही.

सड्यांवरून, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळांवरून, चालताना खाली बघून चाला. टिटवी, चंडोल, रातवा हे जमिनीवर अंडी घालतात, खड्यांत खडे दिसावेत अशी. टिटवी डोक्यावरून टिटिव-टिटिव ओरडत फिरायला लागली की समजा घरटं जवळ आहे, आल्या वाटेनं मागं फिरा. या दिवसांत वणवे लागतात, कुणीतरी गवत चांगलं येईल म्हणून लावतं, कुणाची विडी असते. जमिनीवरची घरटी आणि झाडांची कोवळी रोपं त्यात आधी जातात. धूर दिसला तर वाटाड्याला किंवा वनखात्याला लगेच कळवा. स्वतः काडीपेटी नेऊच नका.

नोंद ठेवा

घरी आलं की त्याच दिवशी वही नीट लिहा. तारीख, वेळ, जागा, झाड कुठलं, फुलोरा किती, कोण आलं. ई-बर्ड म्हणून फुकट सोय आहे तिथं यादी टाकली की ती अभ्यासकांना पण उपयोगी पडते, फक्त घरट्याची नेमकी जागा टाकू नका. पक्ष्याशेजारी झाडाचं नाव लिहायची सवय मात्र सोडू नका. माझ्या वहीत सात वर्षं त्याच सावरीचं पहिलं फूल कधी आलं ते लिहिलंय, शेवटची भोरडी कधी दिसली ते लिहिलंय, आणि आता फेब्रुवारी आला की मुलगी माझ्या आधी खिडकीत जाते.

एप्रिल संपता संपता सावरीची बोंडं फुटून कापूस उडायला लागतो, भोरड्या गेलेल्या असतात, आणि पावशा "पेर्ते व्हा" म्हणायला लागतो. तेव्हा वही बंद करू नका. मेमध्ये करवंदं पिकतात, आणि वळवाच्या सरी सुरू झाल्या की घाटाकडच्या रानात पहाटे आणि तिन्हीसांजेला खालून, पाचोळ्यातून, दोन सुरांची स्वच्छ शीळ येते. तो नवरंग. वीण करायला आलेला असतो. आवाज आला की पुढं जाऊ नका, जिथं आहात तिथंच खाली बसा, आणि पाचोळा हलतोय कुठं ते बघत राहा.